‘कायदा झाला’ म्हणजे नक्की काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत तुकडेबंदी (शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करण्यावरची व विकण्यावरची बंदी) शिथिल करण्याची घोषणा केली आणि लगेच ‘तुकडेबंदी कायदा रद्द’ अशा अर्थाचे मथळे घरोघर पोहोचले. असा मथळा वाचून दोन गुंठ्यांचे खरेदीखत घेऊन दुय्यम निबंधकाकडे जाणारा हात हलवत परत येणार हे उघड होते. कारण त्या दिवशी १९४७ च्या तुकडेबंदी अधिनियमातली कलमे ७ आणि ८ जागच्या जागी होती. कायद्यातला बदल आला तो काही महिन्यांनी, अध्यादेशाने. आणि तोही सरसकट रद्द करणारा नव्हता, ठरावीक क्षेत्रांतल्या आणि ठरावीक तारखेआधीच्या व्यवहारांपुरता होता. मधल्या काळात मथळ्याच्या भरवशावर इसार देणे म्हणजे पैसे अडकवून घेणे.

घोषणा, मंत्रिमंडळाची मान्यता, अध्यादेश, विधेयक, अधिनियम, अधिसूचना, नियम, शासन निर्णय, परिपत्रक या नऊ वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बातमीत सगळ्यांसाठी ‘कायदा’ हा एकच शब्द येतो. शेतजमीनधारकाचे नुकसान बहुतेकदा कायद्यापेक्षा या गल्लतीने होते. म्हणून हे पत्र : थोडे आपल्यासाठी, बरेचसे आपल्या वाचकांसाठी.

तुकडेबंदीचेच उदाहरण पुढे चालवू. मूळ अधिनियम उघडून ‘किती गुंठ्यांपर्यंत विकता येते’ हे शोधायला गेलात तर आकडा सापडणार नाही. अधिनियम फक्त ‘प्रमाणभूत क्षेत्र’ म्हणतो. ते किती, हे अधिसूचनेने ठरते. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने अकोला आणि रायगड वगळून ३२ जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे क्षेत्र ठरले. बंदी डावलून आधीच झालेल्या तुकड्यांच्या व्यवहारांचे काय, याचे उत्तर तिसऱ्याच ठिकाणी. २०१७ च्या दुरुस्तीने कलम ९ मध्ये एक परंतुक (कलमाला जोडलेली अट किंवा अपवाद) आले आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिमूल्य भरून असे व्यवहार नियमित करण्याची वाट निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यादेशाने हे २५ चे ५ टक्के झाले आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचे विधेयक आले. चार लाख बाजारमूल्याच्या तुकड्याला कमाल एक लाख भरायचे ते वीस हजारांवर आले. कायद्याच्या पुस्तकात बदल म्हणाल तर एका आकड्याचा. ज्याच्याकडे २०१८ ची छापील प्रत आहे, तो आजही २५ टक्के सांगत बसतो आणि त्याला खोटेही म्हणता येत नाही.

तेव्हा पहिली सवय अशी लावून घ्यावी की, कोणतीही प्रत वाचण्याआधी ती कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह आहे ते पाहायचे. विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर अधिनियमांच्या मराठी प्रती मिळतात. त्यांत पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कोणत्या सालच्या कितव्या महाराष्ट्र अधिनियमाने मजकूर बदलला ते दिलेले असते. त्या तळटीपांतले सर्वांत अलीकडचे साल म्हणजे त्या प्रतीचे वय. त्यानंतरच्या दुरुस्त्या राजपत्रात शोधाव्या लागतात.

महाराष्ट्र शासन राजपत्राचे भाग एकदा डोक्यात बसले की निम्मा गोंधळ मिटतो. भाग पाचमध्ये विधेयके. भाग चारमध्ये अधिनियम आणि राज्यपालांनी काढलेले अध्यादेश. भाग चार-ब मध्ये महाराष्ट्राच्या अधिनियमांखालचे नियम आणि आदेश. शेतकऱ्याच्या खिशाशी संबंध असलेला बराचसा मजकूर इथे असतो आणि नेमका हाच भाग कोणी उघडत नाही. भाग आठमध्ये अधिनियमांचा आणि अध्यादेशांचा इंग्रजी अनुवाद येतो. त्याला ‘अनुवाद’ म्हणून बाजूला सारू नये : संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी पाठच प्राधिकृत मानला जातो. मराठी आणि इंग्रजी वाक्यांत फरक दिसला तर न्यायालयात इंग्रजी धरतात. मराठी राज्यातल्या मराठी शेतकऱ्यासाठी हे विचित्र आहे खरे, पण आहे ते असे आहे.

आता विधेयक. प्रत्येक विधेयकाला साल आणि क्रमांक असतो आणि तो कोणत्या सभागृहात मांडले त्याप्रमाणे वेगळा असतो : विधानसभा विधेयक क्रमांक अमुक, विधानपरिषद विधेयक क्रमांक तमुक. इंग्रजी प्रतीवर हा क्रमांक रोमन आकड्यांत छापतात, म्हणून साधा आकडा टाकून शोधले की काही सापडत नाही. क्रमांकाचे महत्त्व किती, ते २०२३ मध्ये दिसले. बोगस बियाणे, खते आणि कीटकनाशके यांच्याबाबतची ४० ते ४४ क्रमांकांची विधेयके पावसाळी अधिवेशनात आली आणि संयुक्त समितीकडे गेली. कृषी सेवा केंद्रांच्या विक्रेत्यांनी २ ते ४ नोव्हेंबरला दुकाने बंद ठेवली आणि त्यांच्या निवेदनांत हे आकडे होते. ज्या शेतकऱ्याच्या नावाने ही विधेयके आणली, त्याला मात्र क्रमांक सोडा, विधेयके पाच आहेत हेही माहीत नव्हते. समितीपुढे आपले म्हणणे कोण अधिक नेमकेपणाने मांडणार, हे यातच ठरते.

दुरुस्ती विधेयक मागून वाचावे. पहिल्या पानावरचे खंड ‘पोट-कलम (३) मधील परंतुकात, या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल’ अशा भाषेत असतात. सरळ वाचून त्यातून काहीही कळत नाही आणि माणूस कंटाळून ठेवून देतो. शेवटी परिशिष्टात मूळ अधिनियमाच्या त्याच कलमाचा उतारा दिलेला असतो. तो उतारा कागदावर घ्यावा, जे ‘वगळण्यात येईल’ ते पेन्सिलीने खोडावे, जे ‘दाखल करण्यात येईल’ ते वर लिहावे. पाच मिनिटांत नवे कलम समोर उभे राहते. त्यानंतर उद्देश व कारणे यांचे निवेदन वाचावे. सरकारला काय करायचे आहे ते तिथे साध्या भाषेत असते. खोडलेले-लिहिलेले कलम आणि हे निवेदन जुळत नसेल, तर हरकत नेमकी तिथे घ्यायची. आणि ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ हा भाग सोडू नये. नाव कितीही जड असले तरी त्यात एकच गोष्ट सांगितलेली असते : कोणत्या बाबी सरकार पुढे नियमांनी किंवा अधिसूचनेने ठरवणार आहे. दर, मुदत, सक्षम अधिकारी, अर्जाचा नमुना या बाबी तिथे दिसल्या तर समजावे की खरी लढाई विधानसभेत नाही, नियमांच्या मसुद्यावर आहे.

परंतुकाकडे दुप्पट लक्ष द्यावे. ‘परंतु असे की’ या तीन शब्दांनंतर आधीच्या वाक्याने दिलेले अर्धे परत घेतलेले असते. संदेशांतून फिरणाऱ्या फोटोंमध्ये कलम असते आणि परंतुक कापलेले असते.

विधेयक एका सभागृहात मंजूर झाले म्हणजे संपले नाही. २०१८ मध्ये बाजार समिती कायद्यातला नियमनमुक्तीचा, म्हणजे शेतमालाचा व्यवहार समितीच्या नियंत्रणाबाहेर नेणारा, बदल आधी अध्यादेशाने आला. त्याचे विधेयक विधानसभेने संमत केले आणि विधानपरिषदेत सरकारने ते मागे घेतले. विधानसभेतल्या मंजुरीची बातमी वाचून ज्यांनी विषय मिटला असे धरले, त्यांना पुढचे कळलेच नाही. तसे पाहिले तर विधानपरिषद विधेयक कायमचे अडवू शकत नाही. अनुच्छेद १९७ प्रमाणे पहिल्या खेपेला तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर एक महिना, एवढाच विलंब तिच्या हातात आहे. पण राजकीय दबावाला तेवढी जागा पुरते.

अध्यादेशाचे आयुष्य मोजता येते. अनुच्छेद २१३ प्रमाणे विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे उलटले की तो संपतो, दोन्ही सभागृहे वेगवेगळ्या तारखांना भरली तर नंतरची तारीख धरायची. तोपर्यंत त्याच्या जागी अधिनियम यायला हवा. म्हणून अध्यादेश निघाल्यावर वहीत दोन तारखा लिहाव्यात : पुढच्या अधिवेशनाचा पहिला दिवस आणि त्यापासून सहा आठवडे. विधेयक आले की अध्यादेशाशी शब्दन् शब्द ताडून पाहावे, कारण तो जसाच्या तसा विधेयकात उतरतो असे गृहीत धरता येत नाही. शेवटी ‘निरसन व व्यावृत्ती’चे कलम असते, अध्यादेशाच्या काळात झालेल्या व्यवहारांना संरक्षण आहे की नाही, ते त्यात कळते.

यानंतर संमती. राज्यपालांची संमती बहुधा लवकर मिळते. विषय समवर्ती सूचीतला (ज्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात असा) असून केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, किंवा राज्यपालांनी विधेयक राखून ठेवले, तर ते राष्ट्रपतींकडे जाते आणि तिथे कालमर्यादा अशी काही नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाची १९९५ मध्ये संमत झालेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली. वीस वर्षे. बैल विकायला बाजारात गेलेल्या माणसासाठी कायदा १९९५ चा नव्हता, २०१५ चा होता.

संमतीनंतरही कलम १ पाहावे लागते. ‘संक्षिप्त नाव व प्रारंभ’ या मथळ्याखाली ‘शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास’ असे शब्द असले, तर ती अधिसूचना निघेपर्यंत अधिनियम कागदावर आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम नावात २००९ चा आहे. तो अमलात आला २०१४ मध्ये आणि त्याखालच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला २०१८ मध्ये. खोल विहिरीची ६० मीटरची व्याख्या अधिनियमात आहे, पण अर्ज कुठे, कोणत्या नमुन्यात, शुल्क किती हे सगळे नियमांवर सोडलेले. बोअर घेणाऱ्याला ‘कायद्याने बंदी आहे’ आणि ‘काही बंदी नाही’ अशी दोन्ही उत्तरे एकाच तालुक्यात मिळतात, ती यामुळे.

नियमांबाबत आणखी एक. भोगवटादार वर्ग-२ च्या (हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या) जमिनी वर्ग-१ (निर्बंधमुक्त) करण्याचे नियम ८ मार्च २०१९ ला निघाले आणि सवलतीच्या दरासाठी तीन वर्षांची मुदत होती, त्यानंतर वाढीव दर. पुढे मुदत वाढली तीही नियमांत दुरुस्ती होऊन. म्हणजे सवलतीची शेवटची तारीख अधिनियमात शोधून उपयोग नाही आणि तलाठ्याने तोंडी सांगितलेली तारीख धरूनही उपयोग नाही. भाग चार-ब मधली शेवटची दुरुस्ती हातात हवी. मुदत संपायच्या आठवड्यात अर्ज करणाऱ्यांचे काय होते ते तहसील कचेरीच्या रांगेत दिसते : मूळ वाटपाचा आदेश मिळत नाही, फेरफार जुना, मोडी लिपीत असतो, आणि मोजणीला तारीख दोन महिन्यांनंतरची.

नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करण्याची अट जिथे आहे, तिथे हरकती व सूचना मागवाव्या लागतात. शेतकऱ्याला बोलायची सर्वांत मोठी संधी हीच आणि ती सर्वांत जास्त वाया जाते. मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात, बातमी वाचल्यापासून नव्हे. तीस दिवसांची मुदत असेल आणि बातमी विसाव्या दिवशी आली तर हातात दहाच दिवस उरतात. हरकत कशी लिहावी? ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ असे चार पानी निवेदन नोंदवले जाते आणि निकाली निघते. त्याऐवजी एका पानावर मसुद्याचा अधिसूचना क्रमांक व दिनांक, नियम व उप-नियमाचा क्रमांक, कोणत्या शब्दांऐवजी कोणते शब्द हवेत आणि का, एवढेच लिहावे. उदाहरणार्थ : ‘उप-नियम (२) मधील तीस दिवस या मजकुराऐवजी नव्वद दिवस हा मजकूर दाखल करावा, कारण अर्जासोबत मागितलेला मोजणी नकाशा तीस दिवसांत मिळत नाही.’ खाली गट क्रमांक, गाव, सही. पोच घ्यावी, टपालाने पाठवले तर नोंदणीकृत पाठवून पावती जपावी. शंभर जणांनी एकच छापील मजकूर पाठवण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळ्या अडचणी मांडल्या तर अधिक वजन पडते.

भूसंपादनात हीच मुदत आणखी घात करते, कारण जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली जाते त्यावर ती अवलंबून असते. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात कलम १५ खाली ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली २१ दिवस. राज्याचा १९५५ चा महामार्ग अधिनियम आणि १९६१ चा औद्योगिक विकास अधिनियम यांची वाट निराळी. २०१८ च्या राज्य दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात कलम १०५-अ घालून अशा चार राज्य कायद्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली, आणि कलम १०-अ ने काही प्रकल्पांना सामाजिक परिणाम निर्धारणातून सूट देण्याची सोय झाली. त्यामुळे २०१३ च्या कायद्याचे केंद्राचे पुस्तक वाचून ‘साठ दिवस आहेत, ग्रामसभेची संमती लागते’ असे गावाला सांगणारा पुढारी गावाचे नुकसान करतो. नोटीस आली की आधी पहिल्या परिच्छेदात कोणत्या अधिनियमाचे कोणते कलम लिहिले आहे ते पाहावे, आणि नोटिशीतलीच मुदत धरून चालावे.

शासन निर्णयाची, म्हणजे जीआरची, खात्री करणे सर्वांत सोपे आहे. खऱ्या जीआरवर १८ अंकी संकेतांक असतो. पहिले आठ अंक साल, महिना, दिवस. शेवटचे दोन विभागाचे, जसे महसूल व वन विभागाचे १९. हा क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत उघडते. फिरत आलेल्या कागदावर संकेतांक नसेल, किंवा संकेतांकातली तारीख मजकुरातल्या तारखेशी अजिबात जुळत नसेल, तर तो पुढे पाठवू नये. आणि खरा असला तरी शासन निर्णय किंवा परिपत्रक अधिनियमाच्या वर जात नाही. नोंदणी महानिरीक्षकांचे १२ जुलै २०२१ चे तुकड्यांच्या दस्तनोंदणीला अटकाव करणारे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ ला रद्द ठरवले, सोबत महाराष्ट्र नोंदणी नियमांतला नियम ४४(१)(आय) सुद्धा. ‘परिपत्रक आहे’ एवढ्यावर काम अडवले, तर ते अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली, असे लेखी विचारावे. लेखी उत्तर देण्याची वेळ आली की बऱ्याचदा काम पुढे सरकते.

आमदारांकडे जायचे तर वेळेत. सदस्याला दुरुस्ती सुचवायची असेल तर तिची सूचना आधी द्यावी लागते. विधेयक पुकारल्यावर फोन करून काही होत नाही, आणि आपल्याकडे छोट्या अधिवेशनांत पुरःस्थापना (विधेयक मांडणे) आणि संमती यांच्यात फार दिवस नसतात. अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्यांच्या) विधेयकांच्या बातम्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. ती शुक्रवारी मांडली जातात आणि बहुतेक तिथेच राहतात.

आता आपल्याकडे मागणे. जमीन, पाणी, बाजार समिती, बी-बियाणे यांविषयीच्या प्रत्येक बातमीच्या शेवटी एक ओळ द्यावी : हे घोषणा आहे की अध्यादेश, विधेयक, अधिनियम, नियमांचा मसुदा, त्याचा क्रमांक काय, कोणत्या तारखेपासून लागू, हरकतींची शेवटची तारीख कोणती. लागू झाले नसेल तर ‘अद्याप लागू नाही’ हे तीन शब्द मथळ्याशेजारीच असावेत. दुसरे, आठवड्यातून एकदा हरकती-सूचनांची चौकट सुरू करावी. साप्ताहिक राजपत्राचा अंक गुरुवार ते बुधवार असा निघतो, तेव्हा शनिवारच्या पानात मागच्या आठवड्याचे सगळे बसेल. असाधारण अंक मधल्या कोणत्याही दिवशी येतात, ते त्यात जोडावेत. विभागीय पुरवण्यांत आलेल्या भूसंपादनाच्या सूचना तालुक्याच्या नावाखाली, गावांच्या नावांसह दिल्यात तर उत्तम. गट क्रमांक छापायला जागा पुरणार नाही. गाव, अधिनियम, कलम आणि शेवटची तारीख एवढे पुरे आहे, पुढचे गावातला कोणीही कचेरीत जाऊन पाहील.

आपले,
शेतजमिनीच्या कागदपत्रांचे काम करणारे काही वाचक